‘तुमच्यात येशूशिवाय तारण नाही म्हणे?’ पुण्यातल्या ख्रिस्ती घरांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सहकारी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसते आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेते. ‘तारण’ हा शब्द दोन्हीकडे आहे. बँकेत त्यावरून कोणी वाद घालत नाही. बाहेर मात्र, डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, कोणी ना कोणी हमखास तो विषय काढतं. गेल्या वीसेक वर्षांत ऐकलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. काही हिंदू सहकाऱ्यांचे आहेत, काही आमच्याच पोरांचे, आणि पोरांचे जास्त अवघड. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. उत्तरं प्रोटेस्टंट घरातली आहेत. कॅथलिकांचं म्हणणं वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

तारण म्हणजे मोक्षच ना? नुसता शब्दाचा फरक?

नाही. अर्धे वाद इथेच सुरू होतात. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती माणूस तो फेराच मानत नाही. जन्म एक, मरण एक, नंतर देवापुढे उभं राहणं. आमच्या लेखी अडचण आहे ती पापाची, आणि पाप म्हणजे चुकांची यादी एवढंच नव्हे. देवाशी असलेलं नातं तुटलंय, हे मूळ दुखणं. ते नातं देवाने स्वतः येऊन, येशूच्या वधस्तंभावरच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून सांधलं, याला आम्ही तारण म्हणतो. शेवटही वेगळा आहे. थेंब सागरात मिसळतो तसं विलीन होणं आमच्याकडे नाही. लेकरू घरी येतं तसं येणं आहे. लेकरू लेकरूच राहतं, बाप बापच.

शब्दांची सरमिसळ मात्र जुनी आहे. गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, त्यात येशूला ‘मोक्षराजा’ म्हटलंय आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’. दुसरे शब्द आणायचे तरी कुठून? पण शब्द उसने घेतले की अर्थही थोडा चिकटून येतो, आणि मग डब्याच्या टेबलावर ‘आपलं सगळं एकच हो’ म्हणणं फार सोपं होतं.

‘येशू हाच एक मार्ग’ हे नक्की कुठे लिहिलंय?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १४:६. ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.’ गाड्यांच्या मागच्या काचेवर हे वाक्य असतं आणि काचेवर ते जरा दमदाटीसारखं वाचलं जातं. मुळात ते कुठे बोललं गेलं ते बघा. येशूची शिष्यांसोबतची शेवटची रात्र आहे. जेवण झालंय, दुसऱ्या दिवशी मरण आहे. मी जातो, तुम्हाला वाट ठाऊक आहे, असं येशू म्हणतो. त्यावर थोमा सरळ विचारतो, की तुम्ही कुठे चाललात हेच आम्हाला कळेना, मग वाट कशी कळणार? त्या घाबरलेल्या माणसाला दिलेलं हे उत्तर आहे. नकाशा नाही म्हणून घाबरू नकोस, मी आहे ना, असा त्याचा सूर. समोर दुसऱ्या धर्माचं कोणी बसलेलं नव्हतं.

दुसरी जागा प्रेषितांची कृत्ये ४:१२. दुसऱ्या कोणाकडून तारण नाही, दुसरं नाव दिलेलं नाही, असं येशूचा शिष्य पेत्र म्हणतो. तो बोलतोय कोणापुढे? ज्या न्यायसभेने त्याला आदल्या दिवशी अटकेत टाकलं तिच्यापुढे. गुन्हा काय, तर एका पांगळ्याला येशूच्या नावाने उभं केलं. एक अशिक्षित कोळी सत्तेसमोर उभा राहून हे बोलतोय.

पुढे हेच वाक्य सत्तेवर बसलेल्यांनी म्हटलं, तेव्हा त्याचा आवाज बदलला. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आमचंच खरं असं म्हणणं हा अहंकार नाही का?

होऊ शकतो, आणि आमच्यातले काही लोक तसंच बोलतात. पण ‘मार्ग एकच’ हा दावा येशूबद्दलचा आहे. ख्रिस्ती लोक इतरांपेक्षा बरे, असा तो दावा नाही, कारण बरेपणाच्या जोरावर कोणी तिथे पोचतच नाही, हेच तर त्या विश्वासाचं सांगणं आहे. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. बऱ्याच वर्षांनी त्यांनी लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे बाप्तिस्मा झालेला, चर्चमध्ये जाणारा, शास्त्र पाठ असलेला माणूससुद्धा त्या मार्गावर असेलच असं नाही. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही, हे येशूनेच सांगितलंय, मत्तय ७:२१ मध्ये. ते वचन आम्ही काचेवर लावत नाही.

पण सिंहगडाला वाटा अनेक असतात. कुठूनही चढा, वर एकच गड. तसंच नाही का?

पुण्यात हा प्रश्न सिंहगड घालूनच येतो. पुणे दरवाजाने चढा, कल्याण दरवाजाने चढा, झुणका-भाकर तीच. मान्य. पण आधी आपण सगळे सिंहगडालाच निघालोय का, ते तरी विचारू या. एक जण तोरण्याला निघालाय, दुसऱ्याला डोंगर चढायचाच नाही, तो म्हणतो चढण्याची हाव हेच दुःखाचं मूळ. मोक्ष, निर्वाण आणि तारण या एकाच गावाच्या तीन पाट्या नाहीत. तिन्हीकडचे लोक मन लावून जे सांगतात ते ऐकलं की हे कळतं. ‘सगळं एकच’ म्हणणारा बहुधा कोणाचंच पुरतं ऐकत नसतो.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही येतेच. कोणी सोंड धरतो, कोणी पाय. गोष्ट सुरेख आहे. फक्त ती सांगणाऱ्याला आख्खा हत्ती दिसत असतो, ही त्यातली गंमत. ‘तुम्ही सगळे आंधळे, मला मात्र पूर्ण दिसतंय’ हा दावा माझ्या दाव्यापेक्षा लहान कसा?

आणखी एक. इतरांना आपल्या घरात जागा देताना मधला देव्हारा आपलाच ठेवायचा, ही खोड एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. गीतेत ९:२३ ला श्रीकृष्ण म्हणतात, की श्रद्धेने दुसऱ्या देवतांना भजणारेही मलाच भजतात, मात्र विधी सोडून. संध्येतला श्लोक तर सगळ्यांच्या ओठांवर आहे: आकाशातून पडलेलं पाणी जसं सागराला मिळतं, तसा कुठल्याही देवाला केलेला नमस्कार केशवाला पोचतो. वाक्य मोठ्या मनाचं आहे, पण नीट बघा, सागर कोणाचा आहे? मला हा श्लोक ऐकून राग येत नाही. माणूस जे खरं मानतो त्याच्याभोवतीच जग मांडणार. मी येशूभोवती मांडते.

म्हणजे माझी आजी नरकात गेली?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्याकडे येण्याआधी घसा खाकरल्यासारखे असतात.

मला तो पहिल्यांदा विचारला माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने. तिची आजी माळकरी होती, अनेक वर्षं आळंदीहून पायी वारी केलेली. गुडघे गेले तेव्हाही पालखी पुण्यात आली की नातवाच्या आधाराने रस्त्याकडेला येऊन उभी राहायची. डब्यात मेथीची भाजी होती, मला अजून आठवतंय. तिने पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, आवाजात भांडण नव्हतं. आणि मी, तेव्हा पंचविशीत होते, मी तिला १४:६ ऐकवलं. वाक्य बरोबर होतं. तिने डब्याला झाकण लावलं, कडी खटकन बसली, आणि पुढचे आठ-दहा दिवस आम्ही बँकेच्या कामाशिवाय एक शब्द बोललो नाही.

आज विचारलं तर मी लूक १३:२३ पासून सुरुवात करेन. तिथे कोणीतरी येशूला हाच प्रश्न विचारतो: प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत काय? त्याला आकडा हवाय. येशू आकडा देत नाही. अरुंद दाराने आत जायची तुम्ही खटपट करा, एवढंच म्हणतो. त्याच अध्यायात पुढे म्हणतो, की पूर्वपश्चिमेकडून, उत्तरदक्षिणेकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंगतीला बसतील, आणि आपण आतलेच आहोत असं धरून चाललेले काही जण बाहेर असतील. दुसऱ्यांचं काय होणार असा प्रश्न केला की तो प्रश्न विचारणाऱ्यावरच उलटतो. योहानाच्या शेवटी पेत्र ‘ह्याचे काय?’ म्हणून दुसऱ्या शिष्याबद्दल विचारतो, तेव्हाही तेच. तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये.

मग शास्त्रात बाहेरच्या माणसांबद्दल काहीच नाही का? भरपूर आहे. अब्राहाम येशूच्या कित्येक शतकं आधीचा, तरी विश्वासाचा बाप म्हणून त्याचंच नाव. मलकीसदेक ना अब्राहामाच्या घराण्यातला ना त्याच्या गोतातला, पण परात्पर देवाचा याजक. रूथ मवाबी, परक्या देशातली. कफर्णहूमचा रोमी शताधिपती, ज्याच्याबद्दल येशू म्हणतो की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो, की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर नियमाचं काम लिहिलेलं दिसतं. आणि मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना ‘भुकेल्याला दिलंत ते मलाच दिलंत’ म्हणून उजवीकडे बसवतो त्यांना पत्ताच नसतो: आम्ही तुला कधी जेवू घातलं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच पुस्तकात विश्वास, पश्चात्ताप आणि न्याय यांबद्दलही ठणकावून लिहिलंय. वरची उदाहरणं म्हणजे सर्रास सगळ्यांना दिलेला पास आहे असं मी म्हणू शकत नाही.

तर मैत्रिणीच्या आजीबद्दल माझं उत्तर असं. निकाल माझ्याकडे नाही, आणि तो माझ्याकडे नाही हे माझ्या श्रद्धेतच लिहिलेलं आहे. न्याय करणारा अब्राहामाच्या वेळेपासून न्यायीच आहे. ती आजी देवाच्या घरी असेल, तर माझ्या समजुतीप्रमाणे ती येशूमुळेच असेल, तिला ते नाव माहीत असो-नसो. हे मी मैत्रिणीला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘म्हणजे तुझा नमस्कार जाणार आमच्या केशवाकडे आणि माझी आजी जाणार तुझ्या येशूकडे.’ म्हटलं, हो, असंच काहीसं. कोणीच कोणाला पटवलं नाही. डबे मात्र उघडेच राहिले.

पूर्वी तर चर्च सरळ ‘नरकात’ म्हणायचं ना?

म्हणायचं. ‘मंडळीबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियनचं. त्याचा रोख होता तो मंडळी फोडून वेगळी चूल मांडणाऱ्यांवर. इतर धर्मांवर तो बोलत नव्हता. पण पुढे सूत्र ताणलं गेलं. १४४२ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या परिषदेने मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी अशी नावं घेऊन ते सार्वकालिक अग्नीत जातील असं जाहीर केलं. त्यानंतर पन्नास वर्षांत युरोपाला अमेरिका सापडली, आणि ज्यांनी येशूचं नाव ऐकणंच शक्य नव्हतं असे लाखो लोक समोर आले. प्रश्न आपोआप बदलला.

गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेले. तिथून परतल्यावर १५५२ च्या पत्रात त्यांनी लिहिलंय, की नवे जपानी ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांची आठवण काढून रडायचे, त्यांच्यासाठी काहीच करता येणार नाही का म्हणून विचारायचे, आणि आपल्याला नाही म्हणावं लागायचं. ते रडणं बघून आपल्यालाही वाईट वाटतं, हेही त्यांनी लिहिलं. म्हणजे आजीचा प्रश्न निदान पावणेपाचशे वर्षांचा आहे.

विसाव्या शतकात एक उलटाच प्रकार झाला. अमेरिकेत बॉस्टनला लिओनार्ड फीनी नावाचे फादर होते. चर्चबाहेरच्या कोणाचंही तारण नाही, हे ते अक्षरशः धरून बसले, वरिष्ठांचं ऐकेनात, आणि १९५३ मध्ये चर्चने त्यांनाच बाहेर काढलं.

आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं मत एकच आहे का?

येशू हाच तारणारा, यावर एक. तो लोकांपर्यंत कसकसा पोचतो, यावर फरक.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं, की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागायचा प्रयत्न करतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. त्याच परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च धिक्कारत नाही, असं आलं. मधल्या काळात, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. इतर धर्मांच्या लोकांपुढे बोलताना त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. पुढे २००० साली व्हॅटिकनने पुन्हा कान उपटले: आदर ठेवा, पण येशू हा अनेकांतला एक तारणारा असं म्हणू नका.

प्रोटेस्टंटांना पोप नाही, त्यामुळे एक मतही नाही. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या, मंडळ्यांच्या १९७४ च्या लोझान जाहीरनाम्याने येशूखेरीज दुसरा तारणारा नाही हे ठामपणे मांडलं, आणि त्यांतल्या बहुतेक तिथेच उभ्या आहेत. काही जण न ऐकलेल्यांचा निवाडा देवावर सोडतात. मी त्यांतली. सगळे मार्ग सारखेच असं म्हणणारे ख्रिस्ती विचारवंतही आहेत. त्यांचं वाचून माझ्या मनात एकच येतं: मग वधस्तंभ कशाला लागला?

पुण्यात या वादाची दोन्ही घरं आहेत. नगर रोडला कॅथलिकांची पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ, १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आलेले. बिबवेवाडीला प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी, यवतमाळहून आलेली. भारतभरचे पाळक आणि फादर इथे शिकतात आणि मिसळीवर या विषयावर भांडतात. निदान भांडत असावेत.

मराठी ख्रिस्ती माणसांनी याचा कधी विचार केला का, की सगळं मिशनऱ्यांनी शिकवलेलंच?

चांगलाच विचार केला, आणि मिशनऱ्यांना त्रास होईल इतका.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (लोकमान्य नव्हेत, हे दर वेळी सांगावं लागतं) यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते म्हणायचे. यात पूल पाडायचा कुठे विचार नाही, आणि पुलावरच घर बांधायचाही नाही. आमच्या उपासनासंगीतात त्यांची पदं आहेत, त्यांची चाल आणि शब्द ऐकून शेजारच्या आजोबांना ते भजनच वाटायचं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना. ख्रिस्त एकच, यावर ते तसूभर हलले नाहीत. दाराशी नोंदवही घेऊन बसायला मात्र त्यांनी नकार दिला.

लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं वेगळं राहून, रडून, भांडून, स्वतःच्या गतीने त्या वाटेवर पाऊल टाकलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं ते हेच: त्यांना कोणी ओढलं नाही, आणि ओढलं असतं तर त्या आल्याही नसत्या.

रमाबाईंनी तर ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांनाच सुनावलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवांच्या शाळेवरून, मोठं वादळ झालं तेही खरं. विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळू लागल्या म्हणून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसल्यासारखं वाटलं असणार, हे मला कळतं. रमाबाई दार बंद करून प्रार्थना करणार नव्हत्या, हेही कळतं.

शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९२० च्या दशकातला. साधं राहणं, जमिनीवर बसून उपासना, भारतीय ढंगाची भजनं. येशू मानायला टाय लागत नाही, हे पुण्याला पहिल्यांदा तिथे दिसलं असेल.

प्रसाद घेता का? आरतीला उभे राहता का?

घरोघर वेगळं. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात ८ ते १० या अध्यायांत यावरच लिहिलंय, कारण करिंथ शहरात बाजारातलं मटण बहुधा देवळातून आलेलं असायचं. त्याचं सार असं: मूर्ती काही नाही, म्हणून खाण्याने काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्याने दुसऱ्याच्या विश्वासाला ठेच लागत असेल तर खाऊ नकोस. शिवाय मूर्तीच्या पूजेत सहभागी होऊ नकोस. एवढ्या तीन वाक्यांवर आमच्या मंडळ्यांमध्ये तीन पक्ष आहेत.

आमच्या आईचं तंत्र असं होतं. शेजारच्या काकू गणपतीत केळीच्या पानाखाली झाकून उकडीचे मोदक आणायच्या. आई दोन्ही हातांनी ताट घ्यायची, ओट्यावर ठेवायची, डोळे मिटून आमच्या देवाचे आभार मानायची आणि आम्हाला वाढायची. ताट धुऊन खणात. ते रिकामं परत जायचं नाही, नाताळात करंज्या आणि अनारसे भरून जायचं. काकूंना आरतीला बोलावलं तर ती जायची, मागे उभी राहायची, हात जोडायची नाही. काकूंनी तिला कधी विचारलं नाही आणि तिने कधी समजावलं नाही. माझा मामा मोदकाला शिवतही नसे. दोघं एकाच बाकावर बसून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचे.

शेवटी धर्मांतर करवणं हाच हेतू ना?

सुवार्ता सांगणं आमच्या विश्वासाचा भाग आहे, लपवण्यासारखं काही नाही. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रचाराचा हक्क देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश, आजारपणातली भीती यांच्या जोरावर केलेला बाप्तिस्मा आमच्याच शास्त्राप्रमाणे पोकळ आहे. कोणी तसं करत असेल तर त्याला हटकायचं काम आधी आमचं.

आणि लाभाचंच म्हणाल, तर अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की १९५० च्या आदेशामुळे त्याचं आरक्षण जातं. शीख आणि बौद्धांना ते आता मिळतं, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही.

मुलगा ख्रिस्ती, मुलगी हिंदू. लग्न चर्चमध्ये होईल का?

कॅथलिक चर्चमध्ये बिशपांची खास परवानगी लागते. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी होईल ते करीन. दुसऱ्या जोडीदाराला फक्त ह्याची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळकांगणिक उत्तर बदलतं, लवकर जाऊन विचारा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करता येते, त्यात कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. मुलांची नावं काय ठेवायची हा वाद मात्र कुठल्याच कायद्याने सुटत नाही.

चांगलं वागलं की पुरे, हे का पटत नाही तुम्हाला?

इथे बँक कामाला येते. मागे एक बाई आल्या होत्या, पाटल्या सोडवायला. मुदत उलटलेली, व्याज चढलेलं, लिलावाची नोटीस हातात. पर्समधून त्या नोटा काढून मोजत होत्या. पन्नासच्या, वीसच्या. तीनदा मोजल्या. किती मोजल्या तरी पुरणार नव्हत्या, हे मला स्क्रीनवर दिसत होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात मागून त्यांचा भाऊ आला, त्याने न बोलता सगळी रक्कम भरली. मी पाटल्यांची पुडी सीलसकट त्यांच्यापुढे ठेवली, तर बाई भावाकडे न बघता पाटल्यांकडेच बघत राहिल्या.

त्यांच्या नोटा खोट्या नव्हत्या. प्रामाणिक कष्टाच्या होत्या. चांगल्या वागण्याबद्दल माझं तेवढंच म्हणणं आहे. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव खंडणी म्हणून देण्याबद्दल बोलतो तेव्हा मला ते काउंटर दिसतं.

उपासनेला येऊन बघितलं तर चालेल? काही पाळावं लागतं का?

जरूर या. रविवारी सकाळी मराठी उपासना असते, मागच्या बाकावर बसा, उठबस इतरांचं बघून करा, नाही केली तरी कोणी बघत नाही. कॅथलिक मिस्साला गेलात तर पवित्र कम्युनियनच्या रांगेत उभे राहू नका, ते त्यांच्या सभासदांसाठी असतं. आमच्याकडेही प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. दानाची पिशवी फिरते, टाकायलाच हवं असं नाही.

नंतर चहा असतो. त्याचा पुण्याला इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, आणि कोण कोण हजर होतं याची यादी छापून आली. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. ख्रिस्त्यांकडे चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आता कोणी यादी करत नाही. फक्त बिस्किटं संडे स्कूलची पोरं आधी पळवतात, तेव्हा उपासना संपल्यावर बोलत फार वेळ आत थांबू नका.